गौरव कोणाचा आणि कशासाठी?

एखाद्या शिक्षणसंस्थेला खरोखर कशाचे मोल वाटते हे जाणून घ्यायचे असेल, तर तिच्या माहितीपुस्तिकेतील ध्येयवाक्ये वाचून फारसे हाती लागत नाही. ध्येयवाक्ये सर्वांचीच उदात्त असतात. ती संस्था वर्षाकाठी कोणाला व्यासपीठावर बोलावते, कोणाच्या गळ्यात पदक घालते, कोणाचे नाव सभागृहातील फलकावर कोरते आणि कोणाचे नाव घ्यायला विसरते, हे पाहिले म्हणजे तिचे अंतरंग पुरेसे उघड होते. गुणगौरव हा सामान्यतः समारंभाचा विषय समजला जातो. वस्तुतः तो धोरणाचा विषय आहे. ज्याचा गौरव होतो त्याचे अनुकरण होते, आणि ज्याची दखल कोणी घेत नाही ते काम हळूहळू ओस पडत जाते.

या प्रश्नाचा जेझुइट शिक्षणसंस्थांनी जितका दीर्घकाळ आणि पद्धतशीर विचार केला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कोणी केला असेल. इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या या कॅथलिक संघाला १५४० साली पोपची मान्यता मिळाली आणि पुढील काही दशकांतच युरोपभर त्याच्या विद्यालयांचे जाळे पसरले. मराठी वाचकाला हा संघ अपरिचित नाही. १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध करणारे फादर स्टीफन्स जेझुइटच होते. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली याच संघाने काढले आणि इतिहाससंशोधक फादर हेरास व वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांच्यासारखे अध्यापक त्याला लाभले. आज एकट्या अमेरिकेत या संघाची सत्तावीस महाविद्यालये व विद्यापीठे आहेत. कलकत्त्यात २०१७ साली सेंट झेवियर्स विद्यापीठ उभे राहिले. अशा परंपरेने आपल्या अध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाचा गौरव कसा केला, कोठे तो नेमका साधला आणि कोठे ती चुकली, हे पाहणे आपल्या शिक्षणक्षेत्रालाही उपकारक ठरेल.

नियमांत बांधलेली चुरस

१५९९ साली जेझुइट संघाने ‘रेशिओ स्टुडिओरम’ या नावाने आपली शिक्षणसंहिता कायम केली. तिच्यात पारितोषिकांसंबंधी स्वतंत्र नियम आहेत. सर्वांत वरच्या, म्हणजे वक्तृत्वशास्त्राच्या वर्गासाठी आठ पारितोषिके ठरवून दिली होती: लॅटिन गद्याला दोन, लॅटिन पद्याला दोन, ग्रीक गद्याला दोन आणि ग्रीक पद्याला दोन. खालच्या वर्गांना उतरत्या क्रमाने कमी. यात विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट संख्येची नसून परीक्षणाच्या रीतीची आहे. विद्यार्थ्याने आपल्या लेखनावर नाव घालावयाचे नाही. एखादी खूण करावयाची. तीच खूण आणि आपले खरे नाव दुसऱ्या कागदावर लिहून तो कागद बंद करून द्यावयाचा. निवाडा तीन विद्वान परीक्षकांनी बहुमताने करावयाचा, आणि लोकरीतीप्रमाणे आवश्यक वाटल्यास त्यांतील एक जण संस्थेबाहेरचा असावयाचा. दोघांचे लेखन सर्व बाबतींत तुल्यबळ ठरले तर पारितोषिक विभागून द्यावे किंवा चिठ्ठ्या टाकाव्यात, इथपर्यंत विचार केलेला होता.

आजच्या भाषेत सांगायचे तर उत्तरपत्रिकेवरील नाव झाकण्याची ही पद्धत चारशे वर्षांहून जुनी आहे. तिच्यामागील जाणीव साधी होती. पारितोषिकाची किंमत त्यातील पुस्तकावर अवलंबून नसते. ते निःपक्षपातीपणे दिले गेले या विश्वासावर अवलंबून असते. तो विश्वास एकदा उडाला की सोन्याचे पदकही पितळेचे वाटू लागते.

परंतु या चुरशीला दुसरी बाजूही होती. वर्गाचे दोन तट पाडून त्यांना रोमन आणि कार्थेजियन म्हणावे, प्रत्येकाला एक प्रतिस्पर्धी नेमून द्यावा, त्याची चूक पकडणाऱ्याचा मान वाढवावा, असे प्रकार जेझुइट शाळांत रूढ झाले होते. यातून अभ्यास झाला यात शंका नाही. तथापि दुसऱ्याच्या पराभवावर उभे राहिलेले यश माणसाला नेमके काय शिकवते, हा प्रश्न त्या परंपरेचा पाठलाग करीत राहिला.

विद्वत्ता, निष्ठा आणि सेवा

त्या प्रश्नाला एक उत्तर अमेरिकेत मिळाले. मिलवॉकी शहरातील मार्केट विद्यापीठात १९१५ साली ‘अल्फा सिग्मा न्यू’ ही सन्मानसंस्था सुरू झाली आणि पुढे ती इतर जेझुइट विद्यापीठांत पसरली. तिचे सभासदत्व मिळणे हा तेथील विद्यार्थ्याचा मोठा बहुमान समजला जातो. त्यासाठी वर्गातील वरच्या पंधरा टक्क्यांत येणे आवश्यक असते. निवड मात्र त्याहून पुष्कळच थोड्यांची, साधारणतः चार टक्क्यांच्या आत होते. म्हणजे गुणपत्रिका दार उघडते, पण आत नेत नाही. पुढची कसोटी विद्वत्तेबरोबर निष्ठा आणि सेवा यांची असते. जो विद्यार्थी पहिला आला, पण ज्याने आजूबाजूच्या माणसांकडे मान वर करून पाहिले नाही, तो येथे मागे पडू शकतो.

ही कसोटी उत्तम असली तरी ती लावणाऱ्यांची दृष्टी अपुरी होती. आरंभी हा सन्मान केवळ पुरुष विद्यार्थ्यांना मिळे. विद्यार्थिनींसाठी १९२५ साली ‘गामा पाय एप्सिलॉन’ ही वेगळी संस्था काढावी लागली, आणि दोन्ही संस्था एक व्हायला १९७३ साल उजाडले. विद्वत्ता, निष्ठा आणि सेवा हे तिन्ही गुण स्त्रियांच्या ठायी नव्हते असे नव्हे; ते पाहण्याची सवय नव्हती. गौरवाच्या इतिहासात असे वारंवार घडते. निकष निर्दोष असतात आणि तरीही अर्धे जग त्यांच्या बाहेर राहते.

त्याच १९७३ साली संघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो आरुपे यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे जेझुइट विद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे एक भाषण केले. इतरांसाठी जगणारी माणसे घडविणे हे आपल्या शिक्षणाचे उद्दिष्ट असले पाहिजे, आणि अशा माणसांना न्यायाचे शिक्षण देण्यात आपण कमी पडलो, असा त्याचा आशय होता. सभेतील प्रतिष्ठित श्रोत्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. काहींनी पुढे संघटनेचा राजीनामाही दिला. माजी विद्यार्थ्यांची पदे आणि संपत्ती हेच शाळेचे यश, असे मानण्याची जी सुखद सवय जडलेली होती, तिला आरुपे यांनी धक्का दिला होता. पुढे २००० साली त्यांचे उत्तराधिकारी पीटर-हान्स कोल्व्हेनबाख यांनी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा विद्यापीठात हाच विचार अधिक स्पष्ट केला: विद्यार्थी कोणत्या पदावर गेले यापेक्षा ते कसे माणूस झाले, यावर जेझुइट विद्यापीठाचे मोजमाप व्हावे.

न दिसलेला अध्यापक

गौरव देण्यात झालेल्या चुकांपेक्षा तो न देण्यात झालेल्या चुका अधिक बोलक्या असतात. जेरार्ड मॅनली हॉपकिन्स हे इंग्रजी कवितेतील एक थोर नाव. ते जेझुइट धर्मगुरू होते आणि जेझुइटांच्या व्यवस्थापनाखालील डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८८४ पासून ग्रीकचे प्राध्यापक होते. त्यांच्या वाट्याला आलेले मोठे काम कोणते, तर परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासणे. वर्षातून अनेकदा शेकड्यांनी येणारे ते गठ्ठे त्यांना थकवून टाकीत. १८७६ साली त्यांची एक दीर्घ कविता जेझुइटांच्याच ‘द मंथ’ या मासिकाने छापली नव्हती. १८८९ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या कवितांचा संग्रह त्यांचे स्नेही रॉबर्ट ब्रिजेस यांनी प्रसिद्ध केला तो १९१८ साली, म्हणजे मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. हॉपकिन्स स्वतःही कीर्तीविषयी साशंक होते. संघात प्रवेश करताना त्यांनी आपल्या आधीच्या कविता जाळून टाकल्या होत्या. सहकाऱ्यांना ते विक्षिप्त, प्रकृतीने नाजूक, पण सज्जन असे प्राध्यापक वाटत. अडचण एवढीच की, संस्थेजवळ त्यांना मोजण्याचे जे माप होते ते उत्तरपत्रिकांचे होते, आणि त्या मापात कवी बसत नव्हता.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातले आहे. बेल्जियममधून आलेले फादर युजीन लाफाँ हे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत. प्रयोग करून दाखवीत शिकवण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध होती. १८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा लाफाँ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच संस्थेच्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी काम केले. लाफाँ यांच्या वर्गात जगदीशचंद्र बसू नावाचा एक विद्यार्थी बसत असे. त्याची भौतिकशास्त्राची गोडी या गुरूने जोपासली. लाफाँ यांनी त्याला कोणते पदक दिले की नाही, हे आज कोणी विचारीत नाही. त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिले, आणि शिक्षणातील पहिला आणि सर्वांत टिकाऊ गौरव तोच असतो.

सन्मानाची जोखीम

बाहेरच्या व्यक्तींना मानद पदवी देणे हाही विद्यापीठीय गौरवाचाच भाग. ही पदवी देणाऱ्याला फुकट पडते आणि घेणाऱ्याला मिरविता येते, त्यामुळे ती सहज स्वस्त होते. फोर्डहॅम या जेझुइट विद्यापीठाने २००१ साली आणि मार्केट विद्यापीठाने २०१३ साली अभिनेते बिल कॉस्बी यांना मानद पदव्या दिल्या होत्या. त्यांच्यावर अनेक स्त्रियांनी अत्याचाराचे आरोप केले आणि त्यांच्या साक्षीतील कबुली बाहेर आली, तेव्हा २०१५ साली दोन्ही विद्यापीठांनी त्या परत घेतल्या. चूक दुरुस्त करण्याचे धैर्य प्रशंसनीय आहे. परंतु प्रसिद्धी आणि योग्यता यांत आधीच फरक केला असता, तर दुरुस्तीची वेळ आली नसती. अर्थशास्त्राचा जनक समजला जाणारा अॅडम स्मिथ याने १७५९ साली आपल्या नीतिशास्त्रविषयक ग्रंथात हाच भेद केला आहे. माणसाला स्तुती हवी असते, तसेच स्तुतीस पात्र असणेही हवे असते. या दोन इच्छांतील अंतर समजले, की खरा सन्मान कोणता हे समजते.

सन्मानामागे काही पणाला लागलेले असेल तर त्याला वेगळेच वजन येते. १९८२ साली सांता क्लारा विद्यापीठाने एल साल्वादोरमधील मध्य अमेरिकी विद्यापीठाचे कुलगुरू, जेझुइट तत्त्वज्ञ इग्नासिओ एलाकुरिया यांना मानद पदवी दिली. यादवी युद्धाने होरपळणाऱ्या त्या छोट्या देशात विद्यापीठाने गरिबांची बाजू बुद्धीच्या बळावर मांडली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती, आणि पदवीदानप्रसंगी केलेल्या भाषणात त्यांनी ती निःसंदिग्धपणे मांडली. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे लष्कराच्या सैनिकांनी विद्यापीठाच्या आवारात शिरून एलाकुरिया आणि त्यांचे पाच जेझुइट सहकारी यांची हत्या केली. घरकाम करणाऱ्या एल्बा रामोस आणि त्यांची किशोरवयीन मुलगी सेलिना यांनाही त्यांनी जिवंत सोडले नाही. आज जगभरच्या जेझुइट विद्यापीठांत या आठ जणांचे स्मरण केले जाते. त्या स्मरणात कुलगुरूंच्या बरोबरीने स्वयंपाकघरातील बाईचे आणि तिच्या मुलीचे नाव घेतले जाते, ही गोष्ट कोणत्याही मानद पदवीहून मोलाची आहे.

टाळ्या आणि पगार

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. गौरव हा वेतनाला पर्याय होऊ शकतो काय? अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांप्रमाणे जेझुइट विद्यापीठांतही अध्यापनाचा मोठा भार हंगामी प्राध्यापकांवर असतो. त्यांना विषयामागे ठरावीक मोबदला मिळतो. नोकरीची शाश्वती नसते. वर्षाअखेरीस एका उत्कृष्ट शिक्षकाचा सत्कार होतो, आणि त्याच सभागृहात मागच्या रांगेत पुढच्या सत्रात काम मिळेल की नाही या विवंचनेत असलेले शिक्षक टाळ्या वाजवीत असतात.

याबाबत जेझुइट विद्यापीठांचे वर्तन एकसारखे राहिलेले नाही. हंगामी प्राध्यापकांनी संघटना बांधावयाचे ठरविले तेव्हा सिएटल विद्यापीठाने आपल्या धार्मिक स्वरूपाचा आधार घेऊन त्याला कायदेशीर विरोध केला. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने मात्र २०१३ सालच्या मतदानात आडकाठी केली नाही आणि पुढे संघटनेशी करारही केला. या शहाणपणाचे मूळ काही वर्षे मागे होते. मार्च २००५ मध्ये जॉर्जटाउनच्या वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आवारात झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगारांना जगण्यापुरते वेतन मिळावे म्हणून आठवड्याहून अधिक काळ उपोषण केले होते. विद्यापीठाने अखेर न्याय्य रोजगाराचे धोरण स्वीकारले, आणि हंगामी प्राध्यापकांच्या वेळी तेच धोरण उपयोगी पडले. उपोषणाला गुण नसतात आणि त्याची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. पण इतरांसाठी जगणारी माणसे घडविण्याचे उद्दिष्ट त्या आवारात त्या वर्षी कोणी पुरे केले असेल, तर ते या विद्यार्थ्यांनी.

वेतन आणि सन्मान यांचा संबंध जगदीशचंद्र बसू यांनी फार पूर्वी दाखवून दिला होता. १८८५ साली ते कलकत्त्याच्या सरकारी प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा युरोपीय प्राध्यापकापेक्षा त्यांना कमी वेतन देऊ करण्यात आले. त्यांनी ते घेतले नाही. तीन वर्षे विनावेतन शिकविले, आणि शेवटी सरकारला पूर्ण वेतन थकबाकीसह द्यावे लागले. कमी पगारात दडलेला अपमान कोणत्याही पदकाने भरून निघत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्याकडचे माप

महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे चित्र या पार्श्वभूमीवर पाहावे. तासिका तत्त्वावर काम करणारा अध्यापक वर्षानुवर्षे नियमित नेमणुकीची वाट पाहतो. शिक्षकदिनी मात्र त्याला गुरू म्हणून पुष्पगुच्छ मिळतो. अनेक पुरस्कारांसाठी शिक्षकाने स्वतःच अर्ज करावयाचा असतो. छायाचित्रे आणि कात्रणे जोडून आपल्या थोरवीची फाइल स्वतःच सजवावयाची असते. जो खरोखर वर्गात गुंतलेला आहे त्याला फाइलीसाठी वेळ नसतो, आणि ज्याला फाइलीसाठी वेळ असतो तो वर्गात किती असतो हे विद्यार्थ्यांना माहीत असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकांच्या कामगिरीला गुणांक देण्याची पद्धत आणली. हेतू चांगला होता: बढती मर्जीवर अवलंबून राहू नये. परिणाम वेगळा झाला. शोधनिबंध मोजता येतात, म्हणून शोधनिबंधांचा पूर आला. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके बोकाळली. त्यांना आवर घालण्यासाठी २०१९ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची नवी यादी आली आणि २०२५ साली तीही मागे घेण्यात आली. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली या प्रकाराचे नेमके विश्लेषण केले आहे. एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांपैकी मोजता येणाऱ्या कामालाच मोबदला मिळत असेल, तर त्याचे लक्ष न मोजता येणाऱ्या कामावरून उडते. शिक्षकाचे उत्तम काम बहुधा न मोजता येणारेच असते. नापास होऊन घरी बसलेल्या मुलाला परत वर्गात आणण्यासाठी कोणत्या रकान्यात गुण लिहावयाचे?

याचा अर्थ गौरव बंद करावेत असा नव्हे. कौतुकाची भूक नैसर्गिक आहे, आणि ती न भागविणारी संस्था रुक्ष होते. प्रश्न आहे तो गौरवाच्या रीतीचा. त्यासाठी १५९९ सालच्या नियमांतून आणि पुढच्या अनुभवांतून काही गोष्टी उचलता येतील. पुरस्कारासाठी अर्ज मागवू नयेत. पात्र माणूस शोधण्याचे कष्ट संस्थेने घ्यावेत. परीक्षकांत एक तरी बाहेरचा असावा. शिक्षकाविषयी चालू वर्गाला विचारण्याबरोबरच पाच-दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना विचारावे, कारण चांगल्या शिकवण्याचे फळ उशिरा दिसते. विद्यार्थ्यांचा गौरव करताना टक्केवारी हे प्रवेशपत्र मानावे, अंतिम निकाल मानू नये. प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालयातील शिपाई आणि कार्यालयातील लिपिक यांच्या कामावर महाविद्यालय चालते. फलकावर त्यांच्याही नावाला जागा असावी.

आणि या सर्वांच्या आधी एक गोष्ट व्हावी. ज्याच्या खांद्यावर शाल घालावयाची आहे, त्याचे थकलेले मानधन सत्काराच्या आदल्या दिवशी तरी त्याच्या हाती पडलेले असावे. तेवढे झाले, तर शालीची ऊब त्याला खरोखर जाणवेल.